नावाची उंची

हिंदुराव आकुर्डेकर.
हे नाव पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला मिशी फुटली नव्हती.
उस्तादांनी शिडी धरली, म्हणाले, इलाही,
'राव'चा काना ओढताना श्वास सोडू नको.
गंगावेशीत, दुधकट्ट्यासमोरची भिंत,
काव आणि जवसाचं तेल, दोन फुटी अक्षर.
खाली म्हशी, चरवीत पडणाऱ्या धारा,
आणि धोतराचा सोगा धरून आबासाहेब स्वतः :
"पोरा, अनुस्वार ठळक काढ,
लांबनं दिसाय पायजे."

मुलगा जीपमध्ये होता, सात-आठ वर्षांचा रणधीर.
उतरला, उरलेल्या रंगात बोट बुडवलं
आणि भिंतीच्या पायाशी एक 'र' काढला. उलटा.
मी पुसणार होतो.
आबासाहेब म्हणाले, असू दे.

पुढं त्याचं नाव मी इंचाइंचानं वाढवत नेलं.
दूध संस्थेचा चेअरमन : नऊ इंच,
वर 'हिंदुराव आकुर्डेकर यांचे चिरंजीव', ते दीड फूट.
पंचायत समितीचा सभापती झाला : बापाएवढंच.
आबासाहेब गेले त्याच साली विधानसभा.
आता बाप ढगांत, फोटोत, हात वर केलेला,
आणि तेही माझ्या ब्रशानं नाही,
उद्यमनगरातल्या मशीननं, एका रात्रीत चारशे फ्लेक्स.
मला बोलावलं ते गाडीवर
'आमदार' लिहायला.

राज्यमंत्री अकरा महिने.
पक्ष दोन. का तीन?
चिन्ह बदललं की कार्यकर्ता चुन्याची बादली घेऊन दारात,
चाचा, जुनं झाकायचंय, आजच्या आज.
झाकलं. माझंच अक्षर, माझ्याच हातानं.

बिंदू चौकातल्या सभेला मी मागं उभा होतो.
"वारसा सांगायला मी आलेलो नाही," म्हणाला,
आणि पुढची चाळीस मिनिटं
त्याच्या तोंडून आबासाहेबच बोलले.
आवंढासुद्धा त्यांच्याच जागी गिळला.

पडला तो आठशे बारा मतांनी.
दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या पायरीवरच्या चपला
मोजायला एका हाताची बोटं पुरली.

मग पंचगंगा आली.
बंधाऱ्याची पातळी फूट-इंचांत सांगत होते,
मला आपलं वाटायचं, कुणीतरी अक्षरं मोजतंय.
सहा दिवस पाणी राहिलं
आणि जाताना चुन्याचे सगळे थर घेऊन गेलं.
भिंत उघडी पडली. आत तांबडं लाल
हिंदुराव.
अनुस्वार लांबनं दिसत होता.

रणधीर आला गमबुटात, तांदळाची पाकिटं वाटत.
बराच वेळ बघत राहिला.
"चाचा, माझं कुठाय?"
तुमचं फ्लेक्सवर होतं, साहेब.
फ्लेक्स लोकांनी नेले.
बोळात नेऊन दाखवलं : एक म्हैस रवंथ करत बसलेली
त्याच्या हसऱ्या तोंडाखाली, जोडलेल्या हातांखाली,
कोरडी ठणठणीत.
तो हसला. इतक्या वर्षांत
असा हसलेला मी रंगवला नव्हता.
"एवढं तरी झाकलं बघा मी," म्हणाला.

परत येताना मी भिंतीच्या पायाशी वाकून बघितलं.
गिलावा नेमका तिथंच ढासळलेला, नुसत्या विटा.
त्याला काही बोललो नाही.
त्याला आठवत असेल का, तेही विचारलं नाही.

परवा पापाच्या तिकटीला दुकानात आला, एकटाच.
वॉर्ड महिलांना राखीव पडलाय, पोरगी उभी राहणार.
"फ्लेक्स नको म्हणती. भिंत पायजे तिला."
मी टेप ओढली. शर्वाणी, दोन फूट.
आकुर्डेकर, दोन फूट.
"आणि मधलं, साहेब? मधलं नाव किती इंच?"

टेप माझ्या बोटातनं सुटली,
खटकन् डबीत गेली.
त्यानं चहा अर्धाच ठेवला.
"तिलाच विचारा," म्हणाला, आणि पायऱ्या उतरला.

मी काव घोटायला घेतली.